बदकाचा रेनकोट

शिवणवाल्या काकू, वय एकसष्ट वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार गल्लीच्या टोकाचे, पुढे अंगण असलेले घर.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. माझे पती घरांच्या छतांना प्लास्टरची नक्षी करत. उरलेल्या प्लास्टरमधून त्यांनी अंगणात ठेवायला एक ससा, एक कासव आणि शेवटी एक बदक केले. बदकाची मान वाकडी आहे. ती चुकून झालेली नाही. "रुसलीस की तू अशीच दिसतेस," असे ते म्हणाले होते. बदकाच्या बुडाशी त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. त्यानंतर त्यांनी काही केले नाही.

प्लास्टरला पाणी सोसत नाही, म्हणून पती पावसाआधी तिन्ही वस्तू घरात आणत. मला त्या उचलत नाहीत. शेजारी माझे धाकटे दीर राहतात. ते फर्निचरला पॉलिश करतात आणि अंगाने धडधाकट आहेत; पण त्यांना सांगण्याची मला गरज वाटली नाही. मी तिघांना मापाने रेनकोट शिवले. बदकाच्या कोटाला गळ्याशी नाडी आणि खाली घट्ट इलॅस्टिक आहे. थेंबभर पाणी आत जाणार नाही, याची मी खात्री देते.

गेल्या आठवड्यात दिरांनी भिंतीपलीकडून विचारले, "वहिनी, तो कोट आहे की वाफारा?" उचलली जीभ लावली टाळ्याला, हा त्यांचा जुना स्वभाव. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही.

आज सकाळी बदक जागेवर नव्हते. कोट पायरीवर नीट घडी करून ठेवलेला होता. चोराला कपड्यांची गरज नसावी, एवढे माझ्या लक्षात आले. ओल्या पांढऱ्या चुऱ्याची रेघ माझ्या फाटकातून निघून दिरांच्या दारापर्यंत गेली होती. मी तडक ठाण्यात आले. संशय कोणावर, असे हवालदारांनी विचारल्यावर मी कोणावरही नाही असे सांगितले. मग रेघ कशाला सांगितलीत, असे ते म्हणाले.

हवालदार व मी दिरांकडे गेलो. बदक त्यांच्या कामाच्या खोलीत फळ्यांवर आडवे निजवलेले होते. मानेखाली दिरांची स्वतःची उशी होती व समोर पंखा चालू होता. दिरांनी चोरी कबूल केली. त्यांचे म्हणणे असे की, पाणी वरून आलेच नाही. जमिनीची ओल बुडातून चढली आणि माझ्या कोटाने ती आत कोंडून धरली. आधी पुरते वाळवायचे, मग जवसाचे तेल मुरवायचे, मग बुडासकट रंग आणि वॉर्निश. ओलीवर रंग दिला की पोपडे सुटतात. हे त्यांना मला आधी सांगता आले असते, असे मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "सांगायला आलो की तुम्ही आत निघून जाता." हवालदारांनी हे का लिहून घेतले ते मला कळले नाही.

नंतर दिरांनी बूड दाखवले. बोट लावू तिथे प्लास्टर पिठासारखे निघत होते. ठशाची एक कड गेली आहे. मधल्या रेषा आहेत.

"वहिनी, अजून एक पाऊस झाला असता, तर दादाचा अंगठा गेला असता."

मला रडू आले. त्या वेळी दीर पंख्याचे तोंड फिरवत बसले होते. पंखा सरळच होता.

माझ्या शिवणीत दोष नव्हता, याची नोंद घ्यावी. बदकाबाबत माझी काही तक्रार नाही. ते वाळेपर्यंत दिरांच्या ताब्यात राहावे. मी रोज जाऊन पाहीन. ससा आणि कासव अजून अंगणातच आहेत. आभाळ भरून आले आहे. मी घरी जाऊन दोघांचे कोट काढणार आहे आणि आज फाटकाला कडी लावणार नाही. ही माहिती हवालदारांनी जाता जाता दिरांच्या कानावर घातल्यास माझी हरकत नाही.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यातला "रुसलीस" हा शब्द काढा म्हणून मी सांगितले, त्यांनी काढला नाही. तरीही सगळे मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि खरे आहे.