तोंडावर कसं सांगायचं?

...आणि वर बाबा मलाच म्हणतात, "सिनेमा निवडताना शेवट विचारून घ्यायचा ना!" म्हणजे मी तिकिटाच्या खिडकीशी वाकून म्हणायचं, दादा, चार तिकिटं द्या, आणि शेवटी पाहुणा जातो की राहतो तेवढं सांगा? बसा, बसा, हे उभ्याने ऐकण्यासारखं नाहीये. ही पायरी मीच झाडली आहे. जिन्यात कॉम्प्युटर मांडून का बसलीये ही, हेच विचारायला थांबलात ना तुम्ही? मग ठेवा ती पिशवी खाली.

तर तुम्हाला सांगते, बाबांचे एक मित्र आहेत, जुने. ते आमच्याकडे आले चष्मा करायला. दोन दिवसांचा प्रश्न होता. डोळे तपासायचे, चष्मा घ्यायचा, निघायचं. पाहुण्याला दार असलेली खोली द्यायची म्हणून त्यांना माझी खोली दिली, आणि मला हॉलमधला सोफा. चष्मा झाला. नंबरही बरोबर निघाला. आणि नव्या चष्म्यातून काकांना आमचं घर इतकं स्वच्छ दिसायला लागलं, की त्यांनी माझ्या खोलीत टॉवेल अडकवायला खिळा ठोकला! खिळा! आता मला सांगा, जाणारा माणूस कधी खिळा ठोकतो का?

मी म्हटलं, "बाबा, सांगा त्यांना."

बाबांनी आधी मागे बघितलं, मग पुढे बघितलं, मग अगदी हळू म्हणाले, "अगं, असं तोंडावर कसं सांगायचं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्या घरात पंख्यापेक्षा हे जास्त फिरतं.

काका माणूस वाईट नाहीत हो, तीच तर अडचण आहे! वाईट असते तर मी केव्हाच भांडले असते. त्यांनी माझी पुस्तकं उंचीप्रमाणे लावून ठेवली. मला एक पुस्तक सापडत नाही, पण दिसतात छान. माझे मोजे घ्यायला मला माझ्याच दारावर टकटक करावी लागते, आणि आतून आवाज येतो, "ये गं ये, आपलंच घर समज!" परवा कुरिअरवाला माझं नाव विचारत आला, तर काका दारातूनच त्याला सांगतात, "हो हो, ती आमच्याकडेच राहते."

मग आई-बाबांनी सुचवायला सुरुवात केली. सुचवायला, सांगायला नाही. आईने त्यांच्या पलंगावरची चादर धुवायला काढली, की आता तरी विचारतील, वहिनी, आवरताय वाटतं? काकांनी चादरीचं दुसरं टोक धरून पिळायला मदत केली. बाबांनी गाड्यांचं वेळापत्रक मोठ्याने वाचलं, तर काका म्हणाले, "तुला कुठे जायचंय का रे? खुशाल जा, घर मी बघतो." शेवटी आईने सगळं बळ एकवटून विचारलं, "भावोजी, तिकडे वहिनी एकट्या असतील ना?" काकांनी एक मोठा उसासा सोडला. म्हणाले, "छे हो, एकटी कुठली! सोबत आहे तिला." आणि चष्मा काढून पुसत बसले.

तो उसासा आम्ही तेव्हाच धरायला हवा होता. पण आमच्याकडे कोणी काही विचारतं का? नाही. तोंडावर कसं विचारायचं?

आता माझं ऐका. मला एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. कॉम्प्युटरवरची मुलाखत. मागे साधी भिंत, आजूबाजूला शांतता, बस. पण घरात आमचं इंटरनेट नीट चालतं ते फक्त माझ्या खोलीत, हॉलमध्ये आणि आई-बाबांच्या खोलीत ते पोचता पोचता जीव सोडतं. म्हणून मी काकांना म्हटलं, तासभर खोली द्याल का? "अगं, विचारतेस काय!" असं म्हणून त्यांनी खुर्ची पुसून दिली. आणि पलंगावर मांडी घालून बसले. "मी आहे असं समजूच नकोस."

मी नाही समजले. छान चाललं होतं. तेवढ्यात कंपनीच्या बाईंनी विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? मी श्वास घेते आहे, तोवर मागून खणखणीत आवाज आला, "इथेच की!"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या टॉवेलकडे बघितलं. त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी मला पुढच्या फेरीला बोलावलं. सोमवारी, थेट मोठ्या साहेबांसमोर. आता कळलं ना माझा जीव कुठे अडकला होता ते? मी घरात जाहीर केलं, सोमवारच्या आत खोली मोकळी झाली नाही, तर मी स्वतः सांगणार, तोंडावर! बाबांनी माझ्यापुढे चक्क हात जोडले. "तू नको. तू बोललीस की माणूस परत येत नाही." मी म्हटलं, तेच तर हवंय!

तेव्हा मला तो सिनेमा दिसला. पोस्टरवर एक जाडजूड माणूस सोफ्यावर आडवा, आणि घरचे सगळे दाराबाहेर उभे. विनोदी, कौटुंबिक. म्हटलं, झालं! आपण काही बोलायचं नाही, पडदाच बोलेल. रविवारची तिकिटं काढली, काकांना मधोमध बसवलं.

सिनेमा सुरू झाला. पाहुणा घरात शिरतो, पलंग बळकावतो, कर्त्या माणसाच्या चपला घालून फिरतो. आई माझ्या दंडाला चिमटे काढतेय, बाबा घशातल्या घशात खाकरतायत, आणि काका? काका हसून हसून पुढच्या खुर्चीवर आपटतायत! "काय निर्लज्ज माणूस आहे हो!" पुढचा गृहस्थ मागे वळून बघतोय, तर त्यालाही सांगतात, "असे असतात बरं का खरोखर!" मी अंधारात बाबांकडे बघितलं. बाबांनी पडद्याकडे बघितलं.

मध्यंतरात मी शांतपणे विचारलं, "काका, तुम्हाला कोणाची आठवण येतेय का?"

काकांनी डोळे पुसले. "अगं, हुबेहूब माझा मेहुणा! दोन दिवसांसाठी म्हणून आला आमच्याकडे, तो हलायलाच तयार नाही. माझी खुर्ची त्याची, माझा पेपर त्याचा. शेवटी मीच निघालो. म्हटलं, चष्म्याचं निमित्त आहे, तो गेला की जाऊ परत."

आई म्हणाली, "अहो, पण मग सांगायचं नाही का त्यांना?"

"वहिनी," काका म्हणाले, "बायकोचा भाऊ. तोंडावर कसं सांगायचं?"

आणि माझे आई-बाबा... दोघांनीही मान डोलावली! समजूतदारपणे! मला तिथेच खाली बसावंसं वाटलं, पण बसलेलीच होते.

उत्तरार्ध तर विचारूच नका. घरचे त्या पाहुण्याला हाकलतात, आणि मग त्यांना करमत नाही! रिकामा सोफा बघून रडतात! सगळं कुटुंब त्याला शोधायला स्टेशनवर धावतं, मिठ्या मारतं, बॅग डोक्यावर घेऊन परत आणतं. समाप्त. दिवे लागले तर बाबांचे डोळे ओले. काकांच्या खांद्यावर हात टाकून म्हणतात, "आठवतं का रे, नोकरीच्या पहिल्या गावात मी तुझ्या खोलीवर राहायला आलो होतो, दुसरी जागा मिळेपर्यंत?"

काका म्हणाले, "आठवतं की. तुला जागा लवकरच मिळाली होती."

"मग मी राहिलो किती?"

"तुझं लग्न झालं तोवर."

"तू बोलला नाहीस कधी!"

"तोंडावर कसं सांगायचं?" काका म्हणाले, आणि दोघं असे हसले, असे हसले, की आईलाही हसू आलं. मी तेवढी राहिले. काका वर म्हणतात, "बरं झालं हा सिनेमा बघितला. मेहुण्याला मी काही बोललो नाही तेच योग्य."

पण मी शिकलेली मुलगी आहे. म्हटलं, यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही, मुळावरच घाव घालायचा. घरी आल्या आल्या काकांच्या घरी फोन लावला. मेहुण्यांनीच उचलला. आवाज इतका गोड, की मी ठरवलेलं पहिलं वाक्य विसरले. मी म्हटलं, "मामा, तुम्ही... म्हणजे... तुमचं परत जायचं काही ठरलंय का?"

"अगं पोरी," ते म्हणाले, "मी कधीचा बॅग भरून बसलोय! पण भावोजी घरात नाहीत, ताईला एकटीला टाकून कसं जाऊ? आणि त्यांना न भेटता निघालो तर काय म्हणतील? ते आले की निघालोच."

कळलं का तुम्हाला? हा येत नाही तोवर तो जाणार नाही, आणि तो जात नाही तोवर हा येणार नाही! दोन सज्जन माणसं, आणि मधे माझी खोली!

मी धावत काकांकडे गेले. म्हटलं, तुम्ही घरी जा, ते लगेच निघतायत! काकांचा चेहरा पडला. "म्हणजे मी गेल्या गेल्या तो निघणार? त्याला वाटेल, मी घालवायलाच आलो. नाही गं, बरं नाही दिसत."

हे मी पुन्हा फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं. मेहुणे गहिवरले. "इतका विचार करतात भावोजी माझा? मग मीच येतो तिकडे! त्यांना भेटतो आणि तिथूनच पुढे निघतो. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, तेवढी ताई राहील एकटी."

सोमवारी सकाळी मी इथे, या पायरीवर बसून मुलाखत दिली. मोठे साहेब विचारतायत, अवघड माणसांना तुम्ही कसं हाताळता? मी म्हणतेय, सर, मी स्पष्ट बोलते. तेवढ्यात खालून एक गृहस्थ वर आले, दोन हातांत दोन बॅगा. "बेटा, भावोजी इथेच राहतात ना?"

मी म्हटलं, "हो. इथेच राहतात. वर जा, दार उघडंच आहे."

साहेबांनी विचारलं, घरी पाहुणे का? मी हो म्हटलं. किती दिवस? मी म्हटलं, "सर, असं तोंडावर कसं विचारायचं?" आणि साहेब, तुम्हाला सांगते, खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "मीसुद्धा हल्ली सकाळी सातलाच ऑफिसात येऊन बसतो." मला नोकरी दिली.

नाही, पेढे-बिढे काही नकोत, अभिनंदनही नको. नोकरी घरून करायची आहे.

मेहुणेमामांनी दुसरा खिळा ठोकलाय. शेजारी शेजारी दोन टॉवेल. बाबा खुश, आई चहा टाकतेय, बाबा, काका आणि मामा तिघं मिळून तो सिनेमा परत बघायला जाणार आहेत. मी आपली इथे. जिना माझ्या खोलीला लागूनच आहे, इंटरनेट बरं येतं.

तुमचं घर याच मजल्यावर ना हो? आणि मुलगा परगावी असतो म्हणे. म्हणजे त्याची खोली, दार असलेली... नाही, फक्त दोन दिवसांचा प्रश्न आहे. नको असेल तर सरळ नाही म्हणा, मला आवडतं. अगदी तोंडावर सांगा.

सांगा की.

...नाही ना जमत? राहू द्या, ती पिशवी मी घेते. चला.