दसऱ्याचा मुहूर्त आणि यूसुफभाईचा व्हिसा

मुहूर्ताचा विषय निघाला म्हणून सांगतो. समुद्रपूरच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नवी मशीन बसवाले तुर्कस्तानचा इंजिनिअर आलता, यूसुफभाई. व्हिसा कधी संपते, ते त्यानं पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं. शेठजींनी तो कागद देवाच्या फोटोपाशी ठेवला.

मशीन जोडून झाली. शेठजी म्हणे, "चालू दसऱ्यालेच करू."

मी म्हटलं, "व्हिसा वाढवाचा अर्ज आत्ताच टाकू."

"माणूस तं इथंच हाये. काऊन घाई करून राह्यला?"

ऑफिस माह्याकडं होतं, तरी मी अर्ज टाकला नाही. दसऱ्याच्या चार दिवस आधी यूसुफभाईले जावं लागलं.

दसऱ्याले फाटकावर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. शेठजींनी मशीनले हार घातला, नारळ फोडला आणि सवयीनं मागं वळून म्हणाले, "यूसुफभाई, करो चालू."