जनान्याच्या दाराला कुलूप होतं

रशीदभाई, झुबेदा, आणि इथे जमलेल्या माझ्या सगळ्या आयाबहिणींनो, भावांनो,

मी सुमती. मुलींच्या शाळेत शिकवते. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो. पण हलीमाबीबद्दल "होती" असं म्हणायची जिभेला अजून सवय नाही. तरी बोलते. मध्येच थांबले तर मला थांबू द्या, पण खाली बसवू नका.

माझ्याआधी तिघंचौघं बोलले. कोणी म्हणालं, देवाची मर्जी. कोणी म्हणालं, तिचं नशीब. एक गृहस्थ म्हणाले, गर्दी झाली की असे प्रकार होतातच. मी मान खाली घालून ऐकत होते. आता माझी पाळी आहे. मी देवाचं नाव घेणार नाही आणि नशिबाचंही घेणार नाही. ज्याचं नाव घ्यायचं आहे तो माणूस पहिल्या रांगेत बसला आहे. त्याने आणलेला मोगऱ्याचा हार या फोटोवर आहे. सगळ्यांत जाड हार त्याचाच आहे.

हलीमाबी आपल्या टॉकीजमध्ये जनान्याच्या दारावर होती. बाहेरगावहून आलेल्यांना सांगते. टॉकीजच्या डाव्या अंगाला बायकांची बसायची जागा आहे, मध्ये पडदा. दिवे गेले की पडदा सरकवायचा, दिवे आले की ओढायचा. तिकिटं फाडायची, लहान लेकरांना पाणी पाजायचं, कोणाला चक्कर आली तर कांदा हुंगवायचा. हे सगळं तिचं काम. रशीदभाईंचं सायकलचं दुकान टॉकीजच्या समोरच. नवरा रस्त्याच्या या बाजूला पंक्चर काढायचा आणि बायको त्या बाजूला दार सांभाळायची.

इतकी वर्षं टॉकीजमध्ये काढली, पण हलीमाबीने एकही सिनेमा धड पाहिला नाही. ती सिनेमाच्या पडद्याकडे पाठ करून उभी राहायची. कोणाचं लेकरू रडतंय, कोणाला बाहेर जायचंय, तिचं लक्ष तिकडे. शेवट जवळ आला की ही दार उघडायला धावायची. मग दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात मला गाठायची. "मास्तरीणबाई, शेवटी काय झालं वं? ती पोट्टी माहेरी गेली का मेली?" मी म्हणायचे, "अहो, तुम्ही तिथेच तर होता!" ती म्हणायची, "मी तुमच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती ना. तुम्ही रडल्या एवढं दिसलं. कायले रडल्या ते नाही समजलं." मग आम्ही दोघी हसायचो. मी तिला गोष्ट सांगायचे. कधी कधी शेवट वाईट असला तर मी तो गोड करून सांगत असे. तिला कळायचं. तरी ऐकायची.

कितीतरी सुना तिच्या भरवशावर सिनेमाला यायच्या. सासू घरी म्हणायची, "जनान्यात हलीमाबी आहे ना? मग जा." तिच्या नावावर परवानगी मिळायची. तांड्यावरची सोनीबाई तिला याडी म्हणते. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

आता त्या सिनेमाचं सांगते.

सगळ्या देशात त्याचा डंका होता. मुंबईत वर्षभर उतरला नाही म्हणे. नागपुरात लोकांनी तिकिटासाठी डोकी फोडून घेतली. इतका गल्ला आजवर कोणत्याच सिनेमाने जमवला नाही, असं पेपरात आलं. टांग्यावर भोंगा लावून गावोगाव तेच ओरडत फिरले. कापसाचे दिवस. जिनिंगवर गाड्यांची रांग, बाजारात माणूस मावत नव्हतं. आणि टॉकीज धनराजशेठची. असा मोका ते सोडणार होते काय?

एक दिवस शेठ आमच्या शाळेत आले. कमिटीवर आहेत ते. शिक्षकांसमोर मोठ्या हौसेने सांगत होते, "दुनियेत कोणत्या सिनेमानं किती धंदा केला हे छापून येतं. अमेरिकेचे लोक त्याचा हिशोब ठेवतात. आपल्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त गल्ला ज्या टॉकीजचा, तिले वितरकाकडून चांदीची ढाल भेटून राह्यली. ते ढाल आपल्या दिग्रसले आली पाहिजे!" आम्ही टाळ्या वाजवल्या. गावाचा मान म्हणून वाजवल्या.

ढालीसाठी शेठनी काय केलं ते ऐका. जनान्याला दोन दारं. एक आतून, पुरुषांच्या बाजूने. तिथे जादा बाकडी टाकली, वाट बुजवली. दुसरं दार बाहेरच्या बोळात उघडतं. तिकडून फुकट्या बायका शिरतात, असं शेठचं म्हणणं. म्हणून खेळ सुरू झाला की त्या दाराला बाहेरून कुलूप. चावी मॅनेजरच्या करदोड्याला.

हलीमाबीने ते पहिल्याच दिवशी पाहिलं. मॅनेजरला माझ्यासमोर म्हणाली, "चावी माह्याजवळ द्या ना जी. लेकरंबाळं आत आहेत."

मॅनेजर म्हणाला, "तुम्ही तिकिटं फाडा."

ती शेठकडे गेली. परत आली तेव्हा तोंड उतरलेलं. मी विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, "म्हणते, तुले लय भीती वाटत असन तर घरी बस. दुसरी बाई पाहतो."

मग ती घरी का बसली नाही? काल एका शहाण्या माणसाने मला हेच विचारलं. मी त्याला म्हटलं, कुलूप लागलेल्या खोलीत बायका-लेकरांना एकटं सोडून घरी बसणारी ती बाई नव्हती. तुम्ही बसला असता.

त्या रविवारी मी माझ्या लेकीला, कुंदाला, घेऊन तिथेच होते. दुपारचा तीनचा खेळ. बाकड्यांवर बायका, जमिनीवर बायका, एकमेकींच्या मांडीवर लेकरं. पाय ठेवायला जागा नाही. मध्यंतरानंतर पडद्यावर एकदम काळा डाग पडला, पसरला, आणि पडदा पांढरा झाला. जळका वास आला. वर केबिनमध्ये रीळ पेटलं होतं. ऑपरेटरने वाळूची बादली ओतली आणि विझवलंही. पण खाली आम्हाला कोण सांगणार? कोणीतरी किंचाळलं, "आग!"

पुरुषांची मोठी दारं सताड उघडी होती. ते बाहेर गेले. कोणी चहा घेतला, कोणी पान खाल्लं.

आम्ही बोळाच्या दाराकडे धावलो. दार हलेना.

बाहेरून कुलूप. आत अंधार, धूर, आणि आपल्या लेकरांची नावं घेऊन ओरडणाऱ्या बाया. माझी कुंदा माझ्या हातातून सुटली होती. मी तिचं नाव घेत होते आणि मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. तेवढ्यात हलीमाबी गरजली. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मागं व्हा! सोने, बाकडं धर!" तिने आणि सोनीबाईने बाकडं उचललं आणि दारावर हाणलं. पुन्हा हाणलं. पुन्हा. कोयंड्याचे खिळे उपसून निघाले आणि दार उघडलं.

त्या दाराबाहेर उंच पायरी आहे आणि खाली नाली. पहिल्या बाया पडल्या असत्या तर त्यांच्यावर बाकीच्या पडल्या असत्या. हे त्या क्षणी कोणाला सुचलं असतं? हलीमाबी पाठ चौकटीला लावून उभी राहिली आणि एकेकीला दंडाला धरून खाली उतरवू लागली. लेकरं बोळातल्या माणसांच्या हातात देऊ लागली. माझी कुंदा तिच्याच हातातून बाहेर आली. मी बाहेर आले तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पोट्टी भेटली ना? मंग व्हा तिकडं, जागा करा." तिचं माझ्याशी तेवढंच बोलणं झालं. मागून लोंढा आला. ती चौकटीतून निसटली आणि लोंढ्याखाली नालीत गेली.

बाकी सगळ्या जगल्या. सगळ्या.

तिला टांग्यात ठेवत होतो तेव्हा आतून गाणं ऐकू आलं. रीळ जोडून खेळ पुन्हा सुरू केला होता. टांगा दवाखान्याच्या दारात पोचला तेव्हा ती गेली होती, आणि इकडे सहाच्या खेळाची तिकिटं फाटत होती. शेठजी, तुम्ही एक खेळ बंद ठेवला नाही. एक खेळ! रशीदभाईंनी बायकोला माती दिली, दुकान उघडलं, आणि समोरून दिवसभर तीच गाणी. काल मला म्हणाले, "मास्तरीणबाई, मी कान दाबून पंक्चर काढू कसं?"

शेठजी, उठू नका. बसा. तुम्ही हार घेऊन आलात, आता ऐकूनही जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्या बोळात गेले. दाराला नवा कोयंडा होता. नवे खिळे. वर हिरवा रंग, अजून ओला. माझ्या पदराला लागला. हा बघा. धुतला नाही मी. आणि पंचनाम्यात काय लिहिलं गेलं? दार उघडंच होतं. गावात काय पसरवलं गेलं? हलीमाबी चोरून बाया आत सोडायची, तिनेच आतून अडसर घातला, तिनेच घोटाळा केला. जिने दार फोडलं, तिच्याच माथी दार मारलं तुम्ही.

आणि आता म्हणता, तिच्या नावाने मदतीचा खेळ लावू. तोच सिनेमा. म्हणजे गल्ल्यात आणखी भर, आणि ढाल पक्की. रशीदभाई तुम्हाला काय म्हणाले ते सगळ्यांसमोर सांगते. ते म्हणाले, "शेठ, माह्या बायकोचं नाव तुमच्या पाटीवर नोको."

आज सकाळी हेडमास्तरांनी मला बोलावलं. भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "बाई, जपून बोला. शेठ कमिटीवर आहेत." मी जपूनच बोलते आहे. जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्यापलीकडे एक शब्द बोलले नाही. नोकरी गेली तर जाईल. माझी पोर घरी आहे, जिवंत आहे. तिच्यापुढे नोकरी काय?

मला न्याय हवा असं म्हणाले तर चांगलं दिसेल. टाळ्याही पडतील. पण मेलेल्या मैत्रिणीसमोर खोटं कशाला बोलू? मला सूड हवा आहे. शेठजी, मला तुम्हाला कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिलेलं पाहायचं आहे. समोर तांड्यावरची सोनीबाई बोलेल, आणि तुम्हाला मुकाट्याने ऐकावं लागेल. तुमची टॉकीज रिकामी पाहायची आहे मला. पंखे फिरतायत, पडद्यावर नाच चाललाय, आणि बघायला चिटपाखरू नाही. घरात निजलात की दारावर थापा ऐकू याव्यात तुम्हाला. उठून दार उघडावं तर बाहेर कोणी नसावं. रोज. हे मी देवाकडे मागते, आणि मागायची मला लाज वाटत नाही.

तुम्हाला वाटलं, बायका आहेत, चार दिवस रडतील, पुन्हा तिकिटाला रांग लावतील. ठाण्यात कोण जाणार?

तर ऐका. काल आम्ही गेलो. ठाणेदारसाहेब म्हणाले, "तुमच्या मालकांना पाठवा." सोनीबाई पायरीवर बसली. म्हणाली, "मालक तिकडं चहा पिऊन राह्यले होते जी. धुरात आमी होतो. आमीच सांगू." तिच्या शेजारी मी बसले. मग एकेक करत सगळ्या बसल्या. लेकरांसकट. ऊन चढलं, लेकरं रडू लागली, कोणी उठलं नाही. शेवटी साहेबांनी मुन्शीला बोलावलं आणि जबान्या घेतल्या. कुलपाच्या, कोयंड्याच्या, करदोड्याच्या चावीच्या. ज्यांना येत होतं त्यांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठे दिले. तुमचा मॅनेजर सकाळपासून गावात दिसत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. तो कुठे आहे, हे मात्र तुम्हाला ठाऊक नाही. तो ठाण्यात आहे. आणि चावी त्याने टेबलावर ठेवली आहे.

आता तुमचा चेहरा उतरला. एवढ्यासाठीच मी बोलायला उभी राहिले होते.

बायांनो, कुलूप ज्यांनी पाहिलं, दारावर ज्यांनी हात आपटले, त्या उभ्या राहा. लाजू नका, पदर डोळ्यांवर ओढू नका. शाबास. बघा रशीदभाई. झुबेदा, बघ पोरी, तुझ्या आईने कोणाकोणाला बाहेर काढलं ते बघ.

आता बाकीच्यांनीही उठावं. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. अशा वेळी डोळे मिटायची पद्धत आहे. आज मिटू नका. मानही खाली घालू नका. सगळ्यांनी पहिल्या रांगेकडे बघत उभं राहायचं.

हलीमाबी, तुला आमचा सलाम.