डागाची जागा

...थेंब हो, नुसता थेंब! आणि त्या एका थेंबासाठी सोसायटीची मीटिंग! तुम्हाला सांगतो, लिफ्ट बंद पडली तेव्हा मीटिंग नाही, पाण्याचा टँकर आला नाही तेव्हा मीटिंग नाही, पण माझ्या मोटरसायकलनं पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग पाडला, तर रविवारी सकाळी, ऐन पोह्यांच्या वेळी, अख्खी सोसायटी खुर्च्या टाकून हजर! फरशी नाही, चुकलो, टाइल्स. बाणेरला आल्यापासून आमच्याकडे फरशा नसतात. मुलगा तेजस हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, त्यानं इथे फ्लॅट घेतला, आम्हा दोघांना नारायण पेठेतून उचलून आणलं... गाडीला कोण उचलणार? ती आली आपल्या पायांनी, रस्ताभर थेंब टाकत!

आमचे सेक्रेटरी दिग्विजय. नागपूरचा मुलगा, वागायला गोड, पण गळ्यात कंपनीचा पट्टा रविवारीसुद्धा! उभा राहिला आणि म्हणतो कसा, "काका, तुमची गाडी ऑइल गळून राहिली ना! टाइल्स खराब होऊन राहिल्या! एक तर लीकेज बंद करा, नाही तर गाडी गेटच्या बाहेर लावा." बाहेर? अहो, पिंपरीच्या कारखान्यात चिकटलो त्याच वर्षी घेतलेली गाडी, तिला म्हातारपणी उन्हापावसात काढू? त्यावर आमचे चिरंजीव, "बाबा, विकून टाका ना, मस्त सेल्फ-स्टार्टची घेऊन देतो." अरे बाळा, हिच्याच टाकीवर बसून तू खडकवासल्याला जायचास, कणीस खाऊन तिखट-मिठाचे हात हिच्याच हँडलला पुसायचास, तेव्हा हिनं बोलावली होती का मीटिंग? थेंब हो, नुसता थेंब!

आणि खरं सांगू का, तो थेंब नसता तर हा तेजसही नसता! हसताय काय? आमची ही, पद्मजा, शनिवार पेठेत राहायची. कारखाना सुटला की माझी गाडी रोज बरोब्बर हिच्या दारासमोर बंद पडायची. म्हणजे मी पाडायचो. मग मी खाली वाकून प्लग पुसतोय, ही वर खिडकीत उगाच टॉवेल झटकतेय, आणि गाडी मात्र इमानेइतबारे थेंब टाकतेय. हिचे वडील नागोराव, शाळामास्तर. ते त्या डागावर रोज सकाळी चुलीतली राख टाकायचे. एक दिवस उभेच दारात! "अहो, आपण! गाडी रोज आमच्याच दारात बिघडते, हे गाडीचं वैशिष्ट्य की दाराचं?" मी हातातला प्लग खिशात लपवला. तर म्हणतात, "रोज डाग पाडून जाण्यापेक्षा एकदा वर येऊन चहा घेऊन जा. आमची राख संपत आली." संपलं! पुढच्या मोसमात लग्न! काय दिवस होते हो... खिशात काही नाही, अंगाला तेलाचा वास, आणि मी आपला पुण्याचा राजा!

तर मीटिंगनंतर गेलो नाना पेठेत, माझ्या जुन्या मेकॅनिककडे, मकबूलभाईकडे. तुम्हाला सांगतो, इंजिनाची झाकणं जिथे एकमेकांना जुळतात ना, तिथे मध्ये कागदाचं पॅकिंग असतं, ते गेलं की तेल झिरपतं. माझ्या गाडीचं पॅकिंग तयार मिळायचं बंद होऊन जमाना झाला, म्हणून मकबूलभाईची रीत अशी की जाडजूड लग्नपत्रिका घ्यायची आणि तिचं पॅकिंग कापायचं. माझ्या इंजिनात निम्म्या पेठेची लग्नं लागून गेलीत! पण या वेळी मकबूलभाई म्हणाला, "काका, पत्रिका कुठून आणू? परवा भाच्याची शादी झाली, दावत ई-मेलवर आली. आता ई-मेल कसा कापू, सांगा!"

घरी येऊन कपाटं उपसली. ज्या पत्रिका निघाल्या त्या चकचकीत, पातळ, घडी घातली की तुटणाऱ्या. म्हटलं, चला, गेली गाडी बाहेर. बसलो डोकं धरून. तर ही आत गेली, शालूच्या घडीतून एक पत्रिका काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. आमची! पिवळी पडलेली, कोपऱ्याला कुंकू! म्हटलं, "अगं, एकच उरलीय!" तर म्हणते, "मग? त्या थेंबामुळेच छापली होती ना? लागू दे आता त्याच्याच कामी." डोळ्यांत पाणी आलं हो... आलं तर आलं, तुमच्यापासून काय लपवायचं! मकबूलभाईनं 'नागोराव यांची ज्येष्ठ कन्या' बरोब्बर मधोमध कापली आणि बसवली इंजिनात. थेंब बंद! एकदम बंद! मी आनंदानं स्वतः साबण लावून तो डाग घासून काढला. टाइल कशी आरशासारखी!

आणि दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन येतो तर काय... त्या टाइलवर दिग्विजयची दुसरी कार! नवी, पांढरीशुभ्र! अहो, घरटी दोन-दोन गाड्या झाल्या, पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तरी माझ्या डागावर आजवर कुणी मुलाची सायकलसुद्धा लावली नव्हती! तो म्हणतो, "जागा क्लीन झाली म्हणून लावली ना, काका! तुमची लावून द्या बाहेर." म्हणजे गळत होती म्हणून बाहेर, आणि गळायची थांबली म्हणूनही बाहेर! पळालो मकबूलभाईकडे, म्हटलं, बाबा रे, जरा सैल कर. तो कानाला हात लावतो, "काकींची पत्रिका आहे आत, मी नाही खोलणार!" मग काय करता? त्याच्याकडचं जुनं काळं तेल बाटलीत भरून आणलं. पुन्हा डाग पडला की ती पांढरीशुभ्र कार तिथे कशाला येतेय!

आता रोजचा नेम ठरलाय. दिग्विजय कार घेऊन ऑफिसला गेला की ही गॅलरीत पहाऱ्याला उभी राहते, मी गाडी त्या जागेवर लावतो, गुडघा धरून खाली वाकतो आणि बाटली तिरकी करतो... थेंब हो, नुसता थेंब! वरून ही ओरडते, "अहो, गोल पाडा, गोल! ओघळ वाटतोय तो!" सांगा आता... जे काम गाडी इतकी वर्षं आपणहून करत होती, ते या वयात मला हातानं करावं लागतंय!