पोटरी कोणी चोळली, याबाबत पुरवणी जबाब

दिनांक १८/१२/२०२४

मी, उत्तमसिंग भीमसिंग आडे, वय ५६ वर्षे, शिक्षण बी.ए., बी.पी.एड., व्यवसाय शारीरिक शिक्षण शिक्षक, राहणार हरजी नाईक तांडा, तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ, आज कोणीही बोलाविलेले नसताना ठाण्यात हजर राहून सांगतो की, माझी पत्नी हंसाबाई, वय ५१ वर्षे, हिच्या अकस्मात मृत्यूबाबत मी दि. ०३/१२ रोजी जबाब दिला आहे. तांड्यात मालीश करणाऱ्या पुष्पा सेवादास जाधव यांनी तिची पोटरी चोळली व त्यानंतर ती दगावली, असे मी त्यात नमूद केले. ते खोटे आहे.

दि. १४/११ रोजी दुपारी चारच्या सुमारास कापूस वेचून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, उतरत असता हंसाबाईचा उजवा घोटा मुरगळला. तिच्या पायात माझे टाकून दिलेले, तळ झिजलेले बूट होते. असे बूट घालून आलेल्या विद्यार्थ्यास मी मैदानात उतरू देत नाही. तिला ते मीच दिले होते.

तिला पाय टेकवत नव्हता. पाय टेकवत नसल्यास एक्स-रे काढावा, असे मी सत्तावीस वर्षे प्रथमोपचाराच्या तासाला शिकवीत आलो आहे. मी बोटांनी दाबून पाहिले व हाड शाबूत असल्याचे तिला सांगितले. त्या सायंकाळी शाळेतील तीन सहकारी जेवावयास येणार होते. स्वयंपाक तिने उभ्यानेच केला. वाढताना त्यांच्यासमोर ती म्हणाली, "शाळेतल्या पोरायले बरफ लावता, मले कामाले लावता." सर्व हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सुजेमुळे घोटा दिसेनासा झाला. तेव्हा मी बांबूच्या कामट्या लावून पाय गुडघ्यापर्यंत घट्ट बांधला व तिला खाटेवरून उठण्यास मनाई केली. ती दोन वेळा दवाखान्याचे बोलली. पंचक्रोशीतील लोक खेळताना पडलेली मुले माझ्याकडे आणतात. माझ्याच घरचे माणूस दवाखान्यात नेणे मला कमीपणाचे वाटले.

दि. ०१/१२ रोजी पोटरी फार दुखू लागल्याने सकाळी दहा वाजता मीच पुष्पाबाईंना बोलाविले. कामट्या सोडल्यावर त्यांनी पोटरीला हाताची पाठ लावून पाहिली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, घोटा लचकला होता ना? मंग दुखणं वर काहून चढलं? पोटरी गरम हाय. मी नाही चोळत. दवाखान्यात न्या."

मी विचारले, "तू कोणत्या कॉलेजात शिकली?"

"कॉलेजात गेली असती तं भेव नसतं वाटलं," असे म्हणून त्या तेलाची वाटी तेथेच ठेवून निघून गेल्या.

ते तेल गरम करून मी स्वतः दोन्ही हातांनी सुमारे पंधरा मिनिटे पोटरी चोळली. ती "हळू" म्हणाली. मी हळू केले नाही. अकराच्या सुमारास तिला श्वास घेता येईना. शेजाऱ्याच्या गाडीने आर्णीस नेले असता डॉक्टरांनी तपासून मृत्यू झाल्याचे सांगितले. पायातील रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याचे शवविच्छेदनात आढळले.

खोटे सांगण्यास मला कोणी भाग पाडले नाही. विचारणा करणारे अंमलदार माझे माजी विद्यार्थी आहेत. त्यांनी "सर, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली. त्यानंतर माझ्या तोंडून पुष्पाबाईंचे नाव निघाले.

पुष्पाबाईंनी ठाण्यात खरे तेच सांगितले होते. शिकलेला माणूस खोटे कशाला बोलेल, म्हणून ते कोणी मानले नाही. त्यांना दोन वेळा ठाण्यात बसवून ठेवण्यात आले. तांड्यातील बाळंतिणींनी त्यांना बोलावणे बंद केले आहे. काल मी शवविच्छेदन अहवालाची प्रत घेण्यास ठाण्यात आलो तेव्हा त्या व्हरांड्यातील बाकावर होत्या. मला पाहून त्या उठल्या. "बसा गुरुजी. जेवले का?" असे त्यांनी विचारले. मी त्यांच्या जागेवर बसलो. त्या उभ्या राहिल्या.

पुष्पा जाधव यांचे नाव या प्रकरणातून काढावे. जी कारवाई होईल ती माझ्यावर व्हावी. खोटा जबाब दिल्याचे परिणाम मला समजतात.

हा जबाब मला वाचून दाखविला असता, पोटरीबाबतच्या वाक्यात "घरगुती उपचार केला" असे टंकलिखित झाल्याचे आढळले. माझ्या सांगण्यावरून ते शब्द काढून "पोटरी चोळली" असे घातले. आता जबाब बरोबर आहे.

सही
(उत्तमसिंग भीमसिंग आडे)