शिरा शून्य

हॅलो?… कोण, मंदा? हो, मीच, विश्रामदादा. डॉक्टरांच्या दवाखान्यातनं… हो, पैज मिशीचीच. माझ्या मिशीची. तुला कोणी सांगितलं?… अगं ऐक ना आधी.

तो शेजारचा हरिहर, कॉलेजात गणित शिकवतो… हो, तोच, ज्याला स्वतःची छत्री सापडत नाही. आणि वरच्या मजल्यावरचा गुरुदत्त, मुंबईला कसल्याशा हिशोबी मशीनवर कामाला. दोघं ओट्यावर भांडत बसलेले, प्रोग्रॅमिंग म्हणजे काय. हरिहर म्हणे, आखणी. सामान एवढंच, त्यात जास्तीत जास्त काय साधेल ते गणितानं काढायचं. गुरुदत्त म्हणे छे, मशीनला एकेक हुकूम लिहून देणं… नाही गं, खायची वस्तू नाही. मी म्हटलं, दोघं मिळून उद्याच्या सत्यनारायणाचा प्रसाद करा. आरतीपर्यंत झाला तर माझी मिशी, नाही तर तुमच्या दोघांच्या… मशीन? मीच की. लिहिलंय तेवढं करणार, डोकं चालवणार नाही.

हरिहरानं पाटी भरून गणित मांडलं. उत्तर काय, तर सगळ्या रव्याचे लाडू वळा, जास्त माणसांना पुरतील. शिरा शून्य. सत्यनारायणाला, मंदा… भटजी बघतच राहिले.

गुरुदत्त त्याच्या वरचा. लिहिलेलं, रवा तुपात परता. मी परतला. लाल झाला, काळा झाला, धूर झाला, मी परततोय. थांबा कुठं लिहिलेलं?… हसतेस काय, कढई तुझ्या वहिनीची. मला पुढचे दोन महिने ऐकावं लागणार.

मग?… मग काय. पुन्हा रवा आणला. हरिहरानं एक अट वाढवली, आधी सव्वा शेराचा शिरा, उरेल त्याचे लाडू. गुरुदत्तानं एक ओळ वाढवली, खमंग वास सुटला की पाणी ओता… शिरा कोणी केला? मीच केला. मशीन ना मी, नाही कसं म्हणणार? आणि मेला झाला पण असा मऊ, मोकळा… हो, आरतीच्या आधी.

हो, हरलो. पण दोघांना मिळून एका माणसाची अक्कल, तीसुद्धा कढई जाळल्यावर.

आत्ता? आत्ता दारात खुर्चीवर बसलोय, फोन इथवर ओढून. समोर आपल्या खोपटातली अर्धी वस्ती उभी आहे. हरिहर लाडू वाटतोय. नाथा न्हाव्यानं साबण फासलाय… म्हणून तर बोलतोय तुझ्याशी. तू विचार ना काहीतरी. तुझ्या आनंदाला नोकरी लागली का? डोंबिवलीला पाणी येतं का?… जरा दम धर रे नाथा, बहीण आहे… मंदा, ठेवू नकोस हां… अगं, दूध उतू जाईना का…

हॅलो?… मंदे?…

चल नाथा. घाल वस्तरा.