धनेशाच्या चोचीचं टोक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक साहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, पक्षी-विभागाच्या डॉक्टरबाई, पहिल्या रांगेत बसलेल्या दंतवैद्य ताई, माझे सहकारी, आणि ‘लवकर आटपा’ असं बजावून मला इथे पाठवणारी माझी बायको, सगळ्यांना माझा नमस्कार.

मघापासून माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं, की मधे मी एकदा मागे वळून पाहिलं, सत्कार दुसऱ्या कुणाचा तर नाही ना. चौतीस वर्षं मी पिंजरे धुतले, पाखरांना भरवलं, वाढलेल्या चोची घासून दिल्या. तुम्ही मला चोचमास्तर म्हणता. हे नाव मी मिरवलंही, खोटं कशाला बोलू?

आता मास्तर म्हटल्यावर थोडं शिकवल्याशिवाय राहवणार नाही. शाळेची मुलं आली की मी विचारायचो, पाखराला हात नाहीत, मग त्याचं चालतं कसं? मुलं म्हणायची, चोचीने खातं की. एवढंच? अरे, पोपटाची चोच म्हणजे अडकित्ता, वर जाळी चढायला तिसरा पाय. सुतार पक्ष्याची पटाशी. बदकाची गाळणी. रोहित पक्षी तर मान उलटी करून चिखल गाळतो. सुगरण त्याच चोचीने घर विणते. आणि ही काही एकट्या पाखरांची मिरास नाही. कासवाला दात नाहीत, चोच आहे. ऑक्टोपसचं अंग लोण्यासारखं, पण आत पोपटासारखी चोच, खेकड्याचं कवच फोडणारी. मुलं आ वासून ऐकायची, आणि मला वाटायचं, आपल्याला या विषयातलं सगळं कळतं.

नऊ वर्षांपूर्वी आपल्याकडे एक धनेश आला. तारेत अडकून त्याची वरची चोच अर्धी तुटली होती. धनेशाची जीभ आखूड. फळ चोचीच्या टोकात धरायचं, वर उडवायचं आणि घशात झेलायचं, ही त्याची जेवायची रीत. टोकच नाही तर धरणार कशात? ज्याने चोच दिली तो चारा देईल, असं आपण म्हणतो. चोच तुटल्यावर काय, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. मी त्याला दिवसातून सहा वेळा हाताने भरवत होतो.

तेव्हा ताईंचे वडील पुढे आले. तेही दंतवैद्य, माणसांच्या कवळ्या बनवण्यात जन्म गेलेला. आपल्या संग्रहातल्या पेंढा भरलेल्या धनेशाच्या चोचीचा त्यांनी साचा घेतला आणि तीन आठवडे, रोज दुपारची झोप मोडून, नवी चोच घडवली. बसवायच्या आदल्या दिवशी ती माझ्या हातात दिली. वरचं टोक खालच्या चोचीच्या पुढे दोन मिलिमीटर, किंचित वाकलेलं. म्हणाले, “मूळ चोचीत आहे म्हणून ठेवलंय. का आहे ते मला ठाऊक नाही.”

ठाऊक मलाही नव्हतं. पण मी चोचमास्तर ना! दुसऱ्या दिवशी फोटो काढणारे येणार होते आणि ते टोक दात पुढे आल्यासारखं दिसत होतं. मी कानस घेतली आणि घासून सरळ केलं. कुणाला विचारलं नाही. तेव्हाच्या डॉक्टरांनी चोच बसवली, दंतवैद्य जाळीबाहेर उभे होते. धनेशाने पहिलं फळ उडवून झेललं तेव्हा ते लहान मुलासारखे रडले.

चार महिन्यांनी धनेश मेला. पोटभर खात होता, तरी मेला. मी त्याला उचलून पंख उघडला तर आत उवाच उवा. छातीची पिसं कुरतडून गेलेली, थंडीत ऊब राहणार कशी? मला जागच्या जागी उमगलं. पाखरू पिसं विंचरतं तेव्हा खालची चोच त्या पुढे आलेल्या टोकावर घासते आणि मधली ऊ चिरडते. त्याची फणीच ती. मी तिचे दात काढून टाकले होते.

अहवालात मृत्यूचं कारण लिहिलं गेलं, कृत्रिम चोचीच्या रचनेतील दोष. मी तो वाचला आणि मूग गिळून बसलो. दंतवैद्य भेटायला आले. म्हणाले, “माझं कुठे चुकलं हो?” मी म्हणालो, “एकेकाचं नशीब असतं.” त्यांनी मान हलवली. पुन्हा ते कधी आपल्या फाटकातून आत आले नाहीत. गेल्या वर्षी ते वारले.

गेल्या महिन्यात दुसरा धनेश आला. मादी होती, चोच तशीच तुटलेली. साचा आपल्या कपाटात आहे. तिघा दंतवैद्यांना फोन केले, एकाने तर हसून ठेवून दिला. मग मी ताईंच्या दवाखान्यात गेलो. त्या म्हणाल्या, “काका, माझ्या हातून एक जीव गेला, असं बाबा शेवटपर्यंत म्हणत होते. मी त्या साच्याला हात लावणार नाही.”

एका वाक्याचं काम होतं. पण सत्काराची तारीख ठरली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. म्हटलं, एवढा कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग सांगू. साठीचा घोडा झालो, तरी लाज वाटली नाही. आणि मला कळत होतं हो, त्या धनेश मादीकडे फार दिवस नव्हते. भरवलेलं ती बाहेर टाकू लागली होती.

आज सकाळी इथे खुर्च्या मांडत होते तेव्हा ती गेली. डॉक्टरबाई आणि मी तिच्याजवळ होतो. कार्यक्रम होईपर्यंत कुणाला बोलू नका, असं बाईंना मीच विनवलं. त्यांना कृपा करून दोष देऊ नका.

घरी जाऊन गप्प बसायचा माझा विचार पक्का होता. मघाशी ताईंनी पुष्पगुच्छ दिला आणि हळूच म्हणाल्या, “बाबांना तुमच्याविषयी फार आदर होता.” तो गुच्छ मला घरी नेववणार नाही.

ताई, तुमच्या बाबांची चोच बरोबर होती. ती मी बिघडवली. त्यांना हे सांगायला माझ्या हातात आठ वर्षं होती आणि मी त्यांच्या घरावरून रोज कामाला येत होतो.

संचालक साहेबांचे, पाहुण्यांचे आणि ज्यांनी हा कार्यक्रम कष्टाने उभा केला त्या सहकाऱ्यांचे आभार मानतो. आनंदाच्या प्रसंगाचा मी विचका केला, बोलण्यात कमी-जास्त झालं, ते सभागृहाने पोटात घालावं. ताई, तुमच्याकडे मात्र माफी मागायचं माझं तोंड नाही. एवढं बोलून रजा घेतो.